मारुतीने निवडलेला आवाज

मार्च महिन्यात आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत दोन हंगाम एकत्र येतात. एकीकडे साखर कारखाने गळीत संपत आल्याचे कळवू लागतात, दुसरीकडे परीक्षांची वेळापत्रके येऊन पडतात. दोन्ही मजकूर एकाच पानावर बसवावे लागतात. बाहेर उन्हाला धार आलेली असते. गुऱ्हाळांकडून येणारा उकळत्या रसाचा वास विरळ झालेला असतो आणि रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरे दुपारभर वाजत असतात. रंकाळ्याच्या कठड्यावर मुले पुस्तके मांडीवर घेऊन बसतात. काही मनात वाचतात, काही मोठ्याने. मोठ्याने वाचणारा दिसला की माझा चालण्याचा वेग वाढतो.

यंदा आमच्याकडे नव्याने आलेल्या उपसंपादक बाईंनी विचारले, "दुपारचा वेळ मोकळा असतो. एखाद्या संस्थेत जाऊन काही काम करावं म्हणते. संस्था निवडायची कशी?" मी त्यांना माझी पद्धत सांगितली. वसंताची सांगितली नाही. दोघांपैकी वसंताची पद्धत बरोबर होती, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. गुळाच्या बाजारात एका अडत दुकानात तो दिवाणजी होता आणि सौद्याच्या वेळी भाव पुकारण्याचे काम त्याच्याकडे असे. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे मोठ्या ढेपांच्या, थप्प्यांमधून तो पुढे चालायचा, मागे खरेदीदारांचा घोळका, आणि त्याचा आवाज वरच्या पत्र्याला लागून खाली यायचा. दुपारपर्यंत सौदे आटोपत. माझी पाळी संध्याकाळी सुरू होई. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत दोघांचेही लग्न व्हायचे होते. मधली दुपार दोघांची मोकळी होती.

कोल्हापुरात माणसाला खरे तर संस्था निवडावी लागत नाही. ज्या पेठेत जन्म, त्या पेठेची तालीम. गणपती तिथला, मोहरमचा पंजा तिथला, पंचगंगेला पूर आला की माणसे बाहेर काढायला जाणारी पोरेही तिथलीच. वसंता आणि मी एकाच तालमीच्या लाल मातीत लोळलो होतो. पण तालमीत माणूस गृहीत धरलेला असतो. तो आला म्हणून कोणाला विशेष वाटत नाही. वृत्तपत्रातही तेच. रात्रीच्या पानासाठी सगळे मजकुराची वाट पाहतात, मजकूर लावणाऱ्याची नाही. कुठेतरी, ठरलेल्या वेळी, कोणीतरी आपली वाट पाहत बसावे, एवढीच माझी इच्छा होती. तिला समाजकार्य हे नाव मी नंतर दिले.

माझी पद्धत अशी होती. शहरातल्या सगळ्या संस्थांची प्रसिद्धीपत्रके माझ्या टेबलावर येत आणि मी त्यांच्या तीन ओळी करीत असे. ज्या पत्रकात अध्यक्षांच्या नावाआधी विशेषणांची रांग, ती संस्था बाद. जी फोटो छापण्याचा आग्रह धरते ती बाद. जिचे पत्रकच येत नाही ती उत्तम.

"म्हणजे जिचं नावच तुला म्हाईत न्हाई, ती संस्था चांगली," वसंता म्हणाला. "मग ती शोधणार कशी, लेका?"

"तुझी पद्धत काय?"

"चहाच्या वेळेला जायाचं. कोण 'बसा' म्हणतंय आणि कोण 'काय काम हाय' म्हणतंय, तेवढं बघायचं."

मी हसलो. हसण्याचे कारण तेव्हा पुरेसे वाटले होते.

जोतिबाच्या चैत्री यात्रेला पाणपोया घालणाऱ्या एका मंडळाकडे आम्ही आधी गेलो. तिथे देणगीदाराचे नाव रांजणावर घालायचे की मांडवावर, यावर चर्चा चालली होती. मी वृत्तपत्रातला आहे हे कळल्यावर ती थांबली आणि मला पंख्याखाली खुर्ची मिळाली. वसंता दाराशी उभा राहिला. रक्तदानाचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका मंडळातही तसेच घडले. बाहेर आल्यावर वसंता म्हणाला, "तुला बसवत्यात, मला उभं करत्यात. ह्यात निवडायचं काय?" मला ते पटले. पण त्याहून आधी बरे वाटले होते, हेही खरे आहे.

अंध विद्यार्थ्यांचे वसतिगृह एका अरुंद बोळाच्या टोकाला होते. त्याचे पत्रक माझ्याकडे कधी आले नव्हते. वसंताला त्याचा पत्ता तिथे गूळ पोचवणाऱ्या हमालाकडून कळला होता. तेव्हा दोन्ही पद्धती एकाच दारात येऊन थांबल्या, असे मी म्हणू शकलो असतो. म्हटलेही.

अधीक्षक मुजावर मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आमची नावे विचारली नाहीत. "बसा पावणं, चहा उकळतोय," म्हणाले. दोघांनाही एकाच बाकावर बसवले. मग म्हणाले, "वाचता येतंय न्हवं?"

"येतंय की," वसंता म्हणाला, "पर मोठ्यानं येतंय."

"मोठ्यानंच पायजे."

ओसरीवर कॉलेजात जाणारी आठ-दहा मुले येऊन बसली. ब्रेलमध्ये शाळेची पुस्तके थोडीफार मिळत, कॉलेजची मिळत नसत. ती कोणीतरी वाचून दाखवावी लागत. मास्तरांनी एक इतिहासाचे पुस्तक माझ्या हातात दिले. मी एक पान वाचले. स्वल्पविरामाला थांबलो, पूर्णविरामाला त्याहून जास्त थांबलो, एकही शब्द गाळला नाही. मग वसंताने पुढचे पान वाचले. सवयीने त्याने पहिलेच वाक्य पत्र्यापर्यंत नेले. ओसरीला कौले होती, चिमण्या उडाल्या. मागच्या भिंतीला टेकलेला एक जाड हाडाचा मुलगा म्हणाला, "आयला, पेशवाईचा लिलाव काढला की ह्येनं." सगळे हसले. वसंताही हसला आणि त्याच आवाजात पुढे वाचत राहिला.

आम्ही संस्था पाहायला गेलो होतो. त्या दुपारी संस्था आम्हाला पाहत होती, हे मला नंतर समजले. तिथली रीत अशी होती की परीक्षेच्या आधीच्या महिन्यात प्रत्येक मुलगा आपला वाचणारा स्वतः निवडी. मास्तर त्यात पडत नसत. एकदा आवाज निवडला की परीक्षा संपेपर्यंत तो बदलायचा नाही. "कान लागला पायजे," मास्तर सांगत. "कान लागला की मग शब्द धरावं लागत न्हाईत, आपसूक बसत्यात. मधीच आवाज बदलला तर पोरगं पुन्हा पयल्यापासनं."

जाड हाडाच्या त्या मुलाचे नाव मारुती. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातला, इतिहास घेऊन बी.ए. करणारा, बोलण्यात रोखठोक. महिनाभर त्याने आम्हा दोघांकडून आळीपाळीने वाचून घेतले. त्याच्याजवळ वाचताना मला पहिल्यांदाच कळले की ऐकणारा माणूस कसा असतो. तो मान किंचित डावीकडे कलती ठेवून बसे, तोंड उघडे ठेवी, आणि मी थांबलो की त्याचाही श्वास थांबे. मी घरी उद्याचे प्रकरण आदल्या दिवशी एकदा वाचून ठेवू लागलो. कठीण नावे कुठे तोडायची ते पेन्सिलने खुणा करून ठरवू लागलो. बोळाच्या तोंडाशी पोचलो की पावले आपोआप जोरात टाकी, म्हणजे त्याला मी आल्याचे कळावे.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याने निवड केली. ओसरीवर, सगळ्यांसमोर, चहा पिता पिता.

"मला वसंतदा."

कोणीतरी विचारले, "आणि पेपरवालं?"

मारुतीने माझ्या दिशेला तोंड वळवले. त्याला मी कुठे बसलोय ते नेमके ठाऊक होते. "तुमचं वाचणं गार पाण्यासारखं हाय, सायेब. पिऊन तहान भागती. पर कुठं प्यालो ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

बोलताना त्याचा मला दुखवण्याचा हेतू नव्हता. म्हणूनच त्या वाक्यातला एक शब्दही मला कापता आला नाही.

मत्सर हा शब्द बातमीत येत नाही. नाराजी येते, मतभेद येतात, अंतर्गत धुसफूस येते. ज्याच्या मनात मत्सर आहे तो त्याला दुसरे एखादे नाव देऊनच आमच्याकडे पाठवतो. मी त्याला शिस्त हे नाव दिले. वसंता नीट वाचत नाही, एवढेच माझे म्हणणे होते, आणि ते अचूक होते. तो ओळी गाळायचा. तळटीपा तर बघतही नसे. मुख्य म्हणजे तो पुस्तकात नसलेले घालायचा.

मला कोणीच निवडले नाही. मास्तरांनी माझी अडचण ओळखली आणि मला रोज दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितले. म्हणजे आदल्या रात्री मीच लावलेले पान मी दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचत असे. ऐकायला कधी चार मुले असत, कधी दोन, कधी फक्त मास्तर, आणि मास्तरांचा पेपर सकाळीच वाचून झालेला असे. मागच्या परसात शेवग्याच्या झाडाखाली वसंता आणि मारुती बसत. शेवग्याची फुले गळून जमीन पांढरी झालेली असे. तिथून हसण्याचा आवाज आला की माझी ओळ हुके आणि मी ती पुन्हा पहिल्यापासून वाची.

एका दुपारी मी पाणी प्यायला परसात गेलो. पन्हाळ्याच्या वेढ्याचे प्रकरण चालले होते.

"...आणि आमच्या मामाच्या गावच्या लोकांनी तवा मावळ्यांस्नी दही-भाकरी दिली," वसंता वाचत होता.

"तुझ्या मामाच्या गावानं न्हवं. आमच्या गावानं दिली."

"पुस्तक माझ्या हातात हाय, मारुतराव."

"गाव माझं हाय की."

वसंता गेल्यावर मी मारुतीजवळ थांबलो आणि शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की ती भाकरी पुस्तकात नाही. मला वाटले होते की तो दचकेल. निदान, बरं झालं सांगितलंत, असे म्हणेल.

"ठाऊक हाय की," तो म्हणाला. "परीक्षेत थोडीच लिवतोय. पर भाकरी हाय म्हणून वेढा ध्यानात ऱ्हातोय." मग म्हणाला, "त्यो बी ओळखतोय मला ठाऊक हाय ते. पर तुम्ही त्येला बोलून दाखवू नका."

मला त्यांच्यातले एक गुपित मिळाले होते. पण ते सांभाळायला मिळाले होते, त्यात सामील व्हायला नाही. वसंताला मी काही बोललो नाही. सायकलवरून परतताना तो मला म्हणाला, "पोरगं हुशार हाय, न्हाई?" मी म्हणालो, "आहे." त्याच्या कॅरियरवर गुळाचा एक खडा कागदात बांधलेला होता. तो मुलांसाठी आणलेला आणि द्यायचा विसरलेला होता. "थांब, देऊन येतो," म्हणून तो अर्ध्या वाटेतून परत फिरला. मी रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा राहिलो. तो बराच वेळ आला नाही. शेवटी मी कामावर निघून गेलो.

पुढच्या हिवाळ्यात वसतिगृहाला कोणीतरी कॅसेट टेपरेकॉर्डर भेट दिला. आता पुस्तके टेप करायची ठरली. एकदा वाचले की कितीही मुलांना, कितीही वेळा ऐकता येईल. मास्तर माझ्याकडे आले.

"टेपला तुमच्यासारखाच माणूस पायजे. वसंताला बसवलं तर निम्मी टेप हसण्यातच जाईल."

तो माझा हंगाम होता. कोठीच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावल्या, दाराला सतरंजी. आत शेंगदाण्याच्या पोत्यांचा वास आणि यंत्राची बारीक घरघर. मी सबंध पुस्तके वाचली. महसूल, न्याय, लष्कर, तळटीपांसह. चूक झाली की टेप मागे घेऊन वाक्य पुन्हा म्हणत असे. गाद्यांतूनही बोळाच्या तोंडाच्या रसवंतीची घुंगरे आत येत. लष्करी व्यवस्थेच्या प्रकरणात ती अजून आहेत, मला ती काढता आली नाहीत. मारुतीचे ते शेवटचे वर्ष होते. दुपारभर तो टेप लावून बसे. परसात वसंताजवळ नाही, माझ्या आवाजाजवळ. मी दारातून पाहत असे. मान किंचित डावीकडे कललेली, तोंड उघडे. वसंता आला तर मारुती हात वर करून त्याला थांबवी. वसंता मुकाट्याने बाजूला बसे. त्या दिवसांत मी वसंताशी फार चांगला वागलो.

शेवटचे पुस्तक संपले त्या दिवशी मास्तरांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "लई तरास घेतलात. आता रोज यायची गरज न्हाई. तुम्ही हितंच हाय की." कपाटातल्या कॅसेटकडे त्यांनी हात केला.

मी आभार मानले. रोज येण्याचे कारण मी स्वतःच, तळटीपांसह, वाचून संपवले होते. वसंताला तिथे यायला तसेही काही कारण नव्हते. तो येत राहिला.

मारुती दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. तीन ओळींची बातमी मी केली. अशा बातमीत वाचून दाखवणाऱ्याचे नाव देण्याची पद्धत नसते. मी पद्धत पाळली. मारुती कचेरीत पेढे घेऊन आला तेव्हा वसंता त्याचा हात धरून जिना चढवत होता. मारुतीने पेढा मला दिला आणि म्हणाला, "सायेब, तुमचा आवाज पाठ झालाय." ते वाक्य मी बरीच वर्षे पुरवून वापरले. आपण कोणाच्या तरी डोक्यात शब्दशः आहोत, ही जागा वसंताला मिळालेली नाही, असे मी स्वतःला सांगत असे. वसतिगृहाकडे मात्र गेलो नाही. मास्तर गेले तेव्हा गेलो, तेही बातमीसाठी माहिती घ्यायला.

वसंता अजून बाजारात आहे. पुकारायला आता दुसरा माणूस असतो. आम्ही भेटतो, मुलांच्या शाळांचे बोलतो. वसतिगृहाचा विषय तो काढतो आणि मी बदलतो. त्याच्या हे लक्षात आले आहे की नाही, मला माहीत नाही. मी लिहितो आहे ते त्याच्याविषयी वाईट लिहिण्यासाठी नव्हे. त्याने माझे काही घेतले नाही. जे त्याला मिळाले ते मला मिळालेच नव्हते. माझे त्याच्याकडे काही मागणेच निघत नाही, आणि हीच त्यातली अडचण आहे.

गेल्या आठवड्यात कारखान्यांचे गळीत कधी थांबते हे विचारायला मी फोन लावत होतो. दर मार्चमध्ये हे काम असते. एका कारखान्याचा नंबर लागला.

"कारखाना."

"शेतकी अधिकाऱ्यांना जोडा."

पलीकडून आले, "पुन्हा बोला की जरा."

"शेतकी अधिकाऱ्यांना जोडा. वृत्तपत्राच्या कचेरीतून बोलतोय."

"प्रकरण चौथे," पलीकडचा आवाज म्हणाला. "महसूल व्यवस्था. जमिनीची प्रतवारी, स्वल्पविराम, तिची मोजणी, स्वल्पविराम, आणि साऱ्याची आकारणी." स्वल्पविराम मी टेपवर कधी उच्चारला नव्हता, तरी थांबे माझेच होते, माझ्याच लांबीचे. "ओळखलं का, सायेब? मारुती. टेलिफोनच्या बोर्डावर हाय मी हितं, पाच-सहा वर्सं झाली."

मी म्हणालो की ओळखले. आवाज नेहमीसारखा राहिला असावा. त्याने लग्न झाल्याचे सांगितले, मुलगी झाल्याचे सांगितले. माझे शब्द अजून शब्दशः आठवतात याचे त्यालाच नवल वाटत होते. मला जितके बरे वाटले तितके गेल्या कित्येक मार्चमध्ये वाटले नव्हते. रविवारी तिकडे जावे, असे मनात आले. बसने दुपारपर्यंत पोचता येईल, हेही ठरवून टाकले. तसे विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात तो फोनपासून बाजूला वळून म्हणाला, "वसंतदा, ऐक की, कोण हाय बघ फोनवर."

आणि ते हसणे ऐकू आले. पत्र्याला लागणारे.

"बाजार बंद असला की येतोय त्यो हिकडं," मारुती मला म्हणाला. "गप्पा हाणायला. काय काम न्हाई, धाम न्हाई." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जेवायच्या वेळी ताट वाढतात तितक्या सहज तो हे सांगत होता. "थांबा, शेतकी सायेब दुसऱ्या फोनवर हायत. मोकळं झालं की जोडतो."

रिसीव्हर त्याने टेबलावर ठेवला असावा. त्या दिवशी हंगामाची शेवटची बैलगाडी आत येत होती. शेवटची गाडी सजवून, गुलाल उधळून, वाजत आणायची असते. हलगी लांबून ऐकू येत होती. मारुतीने विचारले, "आली का?"

"आली की," वसंता म्हणाला. खिडकीशी उभा असावा. "गाडीवान म्हातारा हाय. फेटा नवा, धोतर जुनं. बैल म्हणशील तर एक खिलार हाय, आणि दुसरा आपला असाच, पर तोरा बघ त्येचा, जणू कारखाना त्येनंच चालवलाय. मोळीवर एक बारकी पोर बसलीया, पाक गुलालात बुडालेली, नुसतं डोळं दिसत्यात."

"आणि शिंगं?" मारुतीने विचारले.

मी टेबलावरचा कागद बाजूला सारला आणि रिसीव्हर दुसऱ्या हाताने कानावर दाबून धरला.

"शिंगं," वसंता म्हणाला, "सांगतो थांब, गर्दी आडवी आली..."

खट् असा आवाज झाला, हलगी तुटली, आणि शेतकी अधिकारी अगदी जवळून म्हणाले, "हां, बोला, काय पाहिजे?"